घर सोडण्यापूर्वीचे वर्ष

शिक्षणासाठी घर सोडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. वार लावून जेवणारे, म्हणजे आठवड्यातील एकेका दिवसाचे जेवण एकेका घरी ठरवून घेणारे, आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभारले, आणि १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना केली. अशा वसतिगृहांत कामांची वाटणी होती, श्रमाला मान होता आणि विचारपूस करणारी वडीलधारी माणसे होती. घर सुटणे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहणे यांच्यामधली ती एक पायरी होती.

आज बाहेरगावी शिकणाऱ्या पुष्कळ मुलामुलींच्या वाट्याला ही पायरी येत नाही. सरकारी आणि महाविद्यालयीन वसतिगृहांतील जागा अपुऱ्या पडतात, म्हणून ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीऐवजी खोलीतली एक खाटच भाड्याने घेऊन राहावे लागते, जेवण मेसचे असते, आणि रात्री कोण परतले नाही हे पाहणारे कोणी असतेच असे नाही. मधली पायरी नाहीशी झाली की तिचे काम घराला आधीच करून ठेवावे लागते, आणि ते निघण्याच्या आठवड्यात गादी, बादली आणि चिवड्याचा डबा बांधताना उरकत नाही. त्याला अगोदरचे अख्खे वर्ष लागते.

अडचण अशी की ते वर्ष नेमके बारावीचे असते. बारावीचे मूल घरात असले की लग्नकार्ये टाळली जातात, दूरदर्शन संच बंद राहतो, आई पहाटे उठवते, वडील क्लासला सोडतात, आणि ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही बघतो’ हे वाक्य प्रेमापोटीच रोज म्हटले जाते. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण त्याचा परिणाम स्पष्टपणे मांडला पाहिजे: मूल घरापासून दूर जाण्याच्या तोंडावर ते आयुष्यात कधी नव्हते इतके घरावर अवलंबून झालेले असते. एका वर्षात त्याच्या हातून सगळे निर्णय काढून घेतले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात ते सगळे एकदम त्याच्या हाती दिले जातात. पहिल्या सत्रातल्या अनेक पडझडींचे मूळ या एका घटनेत सापडते.

दाखल्यांच्या फाइलीचे उदाहरण घेता येईल. प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात प्लॅस्टिकच्या फाइली छातीशी धरलेले पालक दिसतात आणि त्यांच्या मागे उभा असलेला विद्यार्थी मोबाइलमध्ये पाहत असतो. त्या फाइलीत शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि राखीव प्रवर्गातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र असते. इतर मागासवर्गीय व तत्सम प्रवर्गांना त्याखेरीज नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, म्हणजे कुटुंब प्रवर्गातील उन्नत आणि संपन्न गटात मोडत नाही याचा दाखला. यांपैकी काही कागद एकदाच काढावे लागतात, काहींची मुदत संपते, आणि जात वैधता तर महिनोन्‌महिने आधी अर्ज केल्याशिवाय वेळेवर हाती पडत नाही. हे सारे वडिलांना पाठ असते आणि ज्याच्यासाठी ते चाललेले असते त्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. अकरावीच्या सुट्टीत मुलाला स्वतः सेतू केंद्रावर पाठवले, अर्ज भरू दिला, परत आलेल्या अर्जातली चूक शोधायला लावली, तर पुढे महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्याला गावाकडे फोन लावावा लागत नाही. फाइल कोणाच्या हातात आहे ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे.

हीच गोष्ट पसंतीक्रमाच्या अर्जाची. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्यात ‘कॅप’ने, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेने होतात; विद्यार्थी महाविद्यालये आणि शाखा यांची क्रमवार यादी देतो आणि प्रवेश परीक्षेतील गुण व उपलब्ध जागा यांनुसार त्याला त्या यादीतली जागा मिळते. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावी लागते, पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही. म्हणून त्या यादीतला पहिला क्रमांक म्हणजे सही केलेला निर्णय असतो. प्रत्यक्षात मात्र ही यादी पुष्कळदा सायबर कॅफेत, ओळखीतल्या एखाद्याच्या सल्ल्याने, तासाभरात भरली जाते आणि ज्याला पुढची चार वर्षे त्या वर्गात बसायचे आहे त्याने ती धड वाचलेलीही नसते. यादी मुलाने करावी, प्रत्येक क्रमांकामागचे कारण घरी सांगावे, पालकांनी खर्च, अंतर आणि राहण्याची सोय यांबद्दलच्या अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात आणि मगच अर्ज भरावा. मतभेद झालाच तर तो जूनमध्ये घरच्या ओट्यावर झालेला बरा. तो डिसेंबरात फोनवर झाला की सोडवणे फार कठीण जाते.

महाविद्यालयातील अभ्यासाची रीतही घरच्यांनी समजून घेतली पाहिजे, कारण पालकांच्या आठवणीतले महाविद्यालय आता राहिलेले नाही. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी दोन सत्रे असतात, गुणांसोबत श्रेयांक मोजले जातात, आणि सिद्धान्ताच्या विषयात १ श्रेयांक म्हणजे साधारणपणे सत्रभरातील १५ तासांचे अध्यापन. अंतर्गत मूल्यमापन सत्रभर चालू असल्यामुळे शेवटच्या महिन्यातल्या जागरणाने मागचे भरून निघत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला यात भाषेचे ओझेही पेलावे लागते. शाळेत ‘घर्षण’ आणि ‘त्वरण’ ज्याला उत्तम समजत होते तो इंग्रजी शब्दांच्या माऱ्यात स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो, आणि शाळेत पहिल्या पाचांत असलेल्या मुलाच्या निकालावर ‘एटीकेटी’ येते, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसण्याची मुभा मिळते. ही घसरण पुष्कळांच्या वाट्याला येते आणि बहुतेकदा भरूनही निघते, एवढे तरी निकालाआधी घरात बोलले गेलेले असावे. नवीन विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ हा परिचय उपक्रम सुचवलेला आहे. ते दिवस ‘शिकवणे सुरू झालेले नाही’ म्हणून गावीच घालवणे ही चूक ठरते.

पैशाविषयी थोडक्यात सांगता येते. महिन्याची ठरलेली रक्कम एकदाच द्यावी आणि हिशेब मुलाने ठेवावा. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच पैसे संपले तर रागावण्याऐवजी तो हिशेब दोघांनी मिळून पाहावा.

एकटेपणाची गोष्ट अशी थोडक्यात आटोपत नाही. पुष्कळ मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. आठवडाभर तास, प्रयोगशाळा आणि मित्र यांत गेलेला मुलगा त्या संध्याकाळी वडापाव किंवा मॅगीवर भागवतो, खोलीतले सोबती जवळच्या गावी घरी गेलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरून फोन येतो, ‘जेवलास का?’ तो ‘हो’ म्हणतो. या एका ‘हो’मध्ये काय दडले आहे हे ओळखायला दिवसातून पाच फोन उपयोगी पडत नाहीत; आठवड्यातून दोनदा, घाई नसताना, गुण आणि जेवण यांपलीकडच्या गोष्टींवर केलेले बोलणे उपयोगी पडते. झोप उडणे, अंघोळ-जेवण टाळणे, तासांना न जाणे असे दोनतीन आठवडे चालले तर ते आळसाचे लक्षण न मानता मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही सही घेतली जाते. इतर कागदांच्या गठ्ठ्यात ते न वाचताच सही करून दिले जाते, हे योग्य नाही. महाराष्ट्रात रॅगिंग हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून लागू आहेत आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. हे हमीपत्र घरी एकत्र बसून वाचले तर आपल्याला काय सहन करायचे नाही आणि आपण दुसऱ्याशी काय करायचे नाही, या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच वेळी कळतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलावीच लागते. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे, त्यामुळे पैशाअभावी थांबणाऱ्या अनेक मुलींची वाट मोकळी झाली. तरीही ‘काही कानावर आले तर परत आणू’ ही अट पुष्कळ जणींच्या सामानासोबत बांधून दिली जाते. तिचा परिणाम उलटा होतो. रस्त्यात कोणी पाठलाग केला, वर्गात कोणी त्रास दिला, घरमालकाचे वागणे खटकले, तर मुलगी ते घरी सांगत नाही, कारण सांगितले तर त्रास देणाऱ्याचे काही बिघडणार नाही आणि आपले शिक्षण मात्र बंद होईल, हे तिने मनाशी पक्के केलेले असते. धोका वाढतो तो या गप्प राहण्याने. म्हणून निघण्यापूर्वी आईने आणि वडिलांनी, दोघांनीही, तिला समोर बसवून शब्द द्यायला हवा की काहीही घडले आणि तू सांगितलेस तरी तुझे शिक्षण थांबणार नाही. आणि हा शब्द एसटी स्थानकावर गाडी सुटताना घाईने देण्याऐवजी दहावी-अकरावीपासून लहानसहान प्रसंगांत पाळून दाखवलेला असावा, म्हणजे वेळ येईल तेव्हा तिचा त्यावर विश्वास बसेल.