इंजिनाची थंडी आणि ऊब



सोलापूर हे काही थंडीचे गाव नव्हे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या सुमारास, पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरला की आपण शाली काढतो. मे महिन्यात तोच पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण पंख्याखालून हलत नाही. अशा गावात बसून इंजिनाच्या थंडीविषयी बोलावे, हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरी टर्बोचार्जर असलेली डिझेल मोटार आहे, त्यांना अनुभव विचारून पाहा. सकाळी दाराशी ती सुरू केली म्हणजे खडखडाट करते, तिचा जीव जड वाटतो, पाय दाबला तरी ती चटकन उचल खात नाही. तीच मोटार अर्ध्या तासाने होटगी रस्त्यावर आली की तिचा आवाज मऊ झालेला असतो आणि नुसत्या बोटाच्या दाबाने ती पुढे झेपावते. यंत्र तेच, तेल तेच, हाकणारा तोच. मग हा फरक कोठून येतो?

ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. थंड आणि गरम हे शब्द आपण आपल्या अंगाच्या मानाने वापरतो. इंजिनाचे मोजमाप निराळे आहे. त्याच्या भोवती खेळणारे पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर असावे, अशा हिशेबानेच त्याचा प्रत्येक भाग घडविलेला असतो. म्हणजे वैशाखातील भर दुपारी, चाळीस अंशांच्या उन्हात रात्रीपासून उभी असलेली मोटारसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने गारठलेलीच असते. पहाटेचा गारठा दुपारच्याहून अधिक, इतकेच. म्हणून हा प्रश्न हिमालयातल्या लोकांचाच नव्हे, आपलाही आहे.

आता डिझेल इंजिनाचे मूळ तत्त्व पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलमध्ये ठिणगी नाही. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल ह्याने १८९२ साली ज्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे जी यशस्वी करून दाखविली, ती अशी की, हवा पुरेशी दाबली तर ती आपोआप इतकी तापते की तीत फवारलेले इंधन स्वतःच पेटते. सायकलीला हवा भरताना पंपाचे तोंड हाताला तापलेले लागते, तो ह्याच तत्त्वाचा लहानसा प्रत्यय होय. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि १९४६ साली खडकीस स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने जी इंजिने घडविली आणि ज्यांच्या जोरावर कित्येक विहिरींचे पाणी शेतात आले, ती ह्याच जातीची.

आकडे घेऊ. पंधरा अंशांची हवा दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, दाबून अठरावा हिस्सा केली, आणि त्या अवधीत तिची कणभरही उष्णता बाहेर गेली नाही, तर गणिताने तिचे तपमान सुमारे ६४० अंश होईल. परंतु सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषतात. इंजिन तापलेले असेल तर हे शोषण बेताचे असते आणि हवा पाचशे अंशांच्या आसपास राहते. इंजिन गार असेल तर भिंती अधाशासारखी उष्णता ओढून घेतात. शिवाय सुरू होताना चाक हळू फिरत असल्याने दाबलेली हवा दट्ट्याच्या कड्यांमधून निसटावयास सवड मिळते. हवेचे तपमान त्यामुळे पुष्कळच खाली येते.

डिझेल पेटावयास दोनशे-सव्वादोनशे अंश पुरतात, मग अडचण कोणती, असे कोणी विचारील. अडचण पेटण्याची नाही, वेळेवर पेटण्याची आहे. फवाऱ्यातून आलेल्या थेंबाची आधी वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते, आणि मग ती पेट घेते. हवा जितकी कोमट तितका ह्या क्रियेला वेळ अधिक. इंजिन मिनिटास १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका उशीरही थोडा नव्हे. तेवढ्यात क्रँक नऊ अंश पुढे सरकतो. आणि फवारा काही थांबलेला नसतो. उशिराच्या त्या क्षणात न पेटलेले इंधन साचत जाते आणि मग ते सारे एकदम भडकते. चुलीत वाळले सरपण एकेक करून सारले तर जाळ शांतपणे लागतो. ओले लाकूड कोंबून धुमसत ठेवले आणि मग एकाएकी भडका उडाला, तर घरातले सारे दचकतात. गार डिझेलचा तो खडखडाट म्हणजे अशा लहान लहान भडक्यांची मालिका होय. ज्या थेंबांना पेटण्याची संधीच मिळत नाही, ते पांढऱ्या धुराच्या रूपाने नळीवाटे बाहेर पडतात. इंजिन तापताच तो धूर विरतो. न विरेल तर मात्र ते दुखण्याचे लक्षण समजावे.

आवाजाचे आणखीही एक कारण आहे. आजच्या मोटारींत दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर पुष्कळदा लोखंडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीने प्रसरण पावते. म्हणून गरम झाल्यावर दट्ट्या नेमका बसावा, ह्यासाठी गार असताना तो किंचित सैल ठेवावा लागतो. त्या सैलपणात तो डावी-उजवीकडे थापटतो.

आता जडपणाचा विचार करू. इंजिनातील वंगणाचे तेल म्हणजे त्याचे रक्तच म्हणा ना. थंडीत काकवीची बरणी उलटी केली तर धार लवकर सुटत नाही. तीच चुलीजवळ ठेवली तर पाण्यासारखी वाहते. वंगणाचेही तसेच. डिझेल गाड्यांत सर्रास वापरले जाणारे तेल चाळीस अंशांवर जितके दाट असते, त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकेच ते शंभर अंशांवर उरते. पंधरा अंशांवर तर ते आणखी किती तरी दाट असते. त्या दाट तेलातून सारे भाग फिरविताना इंजिनाच्या जोराचा मोठा वाटा आतल्या आतच खर्ची पडतो. गिअरपेटीतले तेलही तसेच घट्ट असते. म्हणून दांडासुद्धा हाताला जड लागतो.

आता टर्बोचार्जरकडे वळू. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी ह्याने १९०५ साली ह्या युक्तीचे एकस्व मिळविले. इंजिनातून धुराबरोबर पुष्कळशी शक्ती फुकट जाते. ती धरून एक चक्र फिरवावे, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र बसवावे, आणि इंजिनाला त्याच्या नैसर्गिक श्वासाहून अधिक हवा पाजावी, ही ती युक्ती. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन जाळण्याची मुभा, आणि अधिक इंधन म्हणजे अधिक जोर. लहान मोटारीतील हे चक्र भर वेगात मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते.

परंतु हा सारा कारभार उधारीवर चालतो. चक्राला फिरविणारा वायू आधी इंजिनाने तयार करावयाचा, आणि मग चक्राने इंजिनाला हवा द्यावयाची. भर ओझ्याखाली हा वायू सहाशे-सातशे अंश तापलेला असतो आणि त्याच्या अंगी जोर असतो. नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनाचा वायू त्या मानाने कोमट. त्यातही बरीचशी उष्णता गार लोखंडी नळ्या पिऊन टाकतात. शिवाय चक्राच्या आसाभोवतीचे तेल दाट. म्हणजे ढकलणारा अशक्त आणि अडविणारा सशक्त. चक्र मग सावकाश वेग घेते, आणि पाय दाबल्यापासून उचल मिळेपर्यंतचा अवधी वाढतो. टर्बोचा हा उशीर गरम इंजिनातही असतो. गार इंजिनात तो अधिक जाणवतो.

ह्या उशिराचे जाहीर प्रदर्शन सोलापूरच्या फलाटावर अनेक वर्षे होत असे. १९६२ पासून भारतात आलेली २,६०० अश्वशक्तीची अमेरिकी घडणीची डिझेल इंजिने गाडी हलविताना काळ्या धुराचा मोठा लोट सोडीत. इंधन तत्काळ वाढे, परंतु टर्बोचे चक्र वेग घेईपर्यंत हवा अपुरी पडे; न जळलेला कोळसा काळा होऊन छपराकडे जाई. चक्र वेगात आले की धूर विरळ होई. आता ह्या मार्गाचे विद्युतीकरण झाले असल्याने ते दृश्य दुर्मिळ झाले आहे.

आजच्या मोटारीत ह्या सर्व अडचणी ओळखणारा एक लहानसा संगणक असतो. पाण्याचे तपमान पाहून तो इंधन थोडे आधी सोडतो, फेरे किंचित वाढवितो, आणि कित्येक गाड्यांत सिलिंडरमध्ये विजेची तापलेली कांडी आधी पेटवितो. तेव्हा सकाळचा जो आवाज आणि जो मंदपणा आपल्याला जाणवतो, त्यात थोडा भाग ह्या हेतुपुरस्सर योजलेल्या सावधपणाचाही असतो.

येथे एक उलट गंमत सांगतो. इंजिन गरम असावे. पण त्याने ओढलेली हवा मात्र गार असावी. बेचाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा विरळ असते. तेवढ्याच जागेत तिचे वजन शेकडा आठ-नऊ भागांनी कमी भरते. टर्बोने दाबल्यावर ती आणखी तापते, म्हणून तिला थंड करणारी इंटरकूलर नावाची जाळी बसवितात. परंतु बाहेरचाच वारा तापलेला असेल तर ती जाळी तरी काय करणार? ह्याच कारणाने मे महिन्यात दुपारी हैदराबाद रस्त्यावर किंचित सुस्तावलेली मोटार रात्री दहानंतर ताजीतवानी वाटते. गरम इंजिन आणि गार वारा, हा तिचा सर्वांत सुखाचा योग.

आता ह्या साऱ्याचा आपल्या संसाराशी संबंध काय? संबंध खर्चाचा आहे. टर्बोचा आस तेलाच्या पातळ पदरावर अक्षरशः तरंगत असतो. तो पदर तयार होण्यापूर्वीच चक्राला भर वेग दिला तर धातू धातूवर घासतो. म्हणून इंजिन सुरू करताच ते गरजवू नये. पुष्कळ लोक नेमके उलट टोक गाठतात आणि दारापुढे दहा-पंधरा मिनिटे गाडी नुसती सुरू ठेवतात. तेही योग्य नव्हे. रिकामे डिझेल इतके थोडे इंधन जाळते की ते लवकर तापतच नाही. उलट न जळलेले इंधन तेलात उतरते आणि काजळी धरते. अर्धा मिनिट थांबावे, आणि मग पहिली काही मैल सौम्यपणे हाकावी, हाच मध्यम मार्ग. काटा मध्यावर आला म्हणजे सारे तापले असे समजू नये. तो पाण्याचा काटा आहे, आणि तेल पाण्याच्या मागून तापते.

थांबतानाही असाच संयम हवा. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने जोरात चढून वर जाताच तत्काळ इंजिन बंद केले, तर तापून लाल होऊ पाहणाऱ्या चक्राजवळचे तेल वाहावयाचे थांबते आणि जागच्या जागी करपते. त्याचा कोळसा पुढे तेलाच्या बारीक वाटा बुजवितो. देवीच्या दर्शनाची ओढ असली तरी मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे. तेल कारखान्याने सांगितलेल्या जातीचेच घालावे आणि वेळेवर बदलावे. ज्या वस्तूवर आस तरंगतो, तिच्यात काटकसर परवडत नाही.

आणखी एक सूचना शहरवासीयांसाठी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास धूर चांगला तापावा लागतो. ज्यांची धाव घरापासून नवी पेठेपर्यंत आणि परत एवढीच आहे, त्यांचे इंजिन कधी पुरते तापतच नाही. गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. अशा कुटुंबाने नवी गाडी घेताना डिझेलचा मोह धरावा की नाही, ह्याचा शांतपणे विचार करावा. घरी डिझेल असेलच, तर तिला अधूनमधून अक्कलकोटपर्यंत मोकळे धावू द्यावे.

हे शहाणपण तसे नवे नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. त्या काळच्या गिरण्यांतील वाफेच्या इंजिनात पहाटे हळूहळू वाफ सोडून त्याची नळकांडी आधी तापवून घेत आणि आत साचलेले पाणी काढून टाकीत. मगच त्याच्यावर मागांचे ओझे घालीत. घाई केली तर नळकांडे फुटण्याचा धोका असे. त्या कामगारांना उष्णतेचे गणित ठाऊक असो वा नसो, धातूला जागे व्हावयास वेळ द्यावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजचे इंजिन त्याहून शतपटीने चपळ झाले आहे, आणि स्वतःची काळजीही बरीचशी स्वतःच घेते. आपल्याकडून ते जे मागते ते फार नाही: निघताना पाच-दहा मिनिटांची सौम्यता, आणि थांबताना दोन मिनिटांचा धीर.