अमजद खान कोण?

माझा भाचा गेल्या वर्षी चाकणला कामाला लागला. आयटीआय झालेला, फिटर. कंपनी खराबवाडीच्या पुढं, म्हणून खोलीही तिकडंच बघायची ठरली. मी निगडीहून त्याच्याबरोबर गेलो. अशा कामाला पांढऱ्या केसांचा माणूस सोबत असला की बरं पडतं. पहिल्या दोन ठिकाणी खोली होती, पण नाव सांगितल्यावर ती 'कालच गेली' असं कळलं. याची आता सवय झाली आहे आणि आजचा विषय तो नाही. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्कर मालकांनी नाव विचारलं, गाव विचारलं, डिपॉझिटचा आकडा सांगितला आणि एक छापील कागद पुढं केला. पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा अर्ज. फोटो, आधारची झेरॉक्स, मूळ पत्ता, कंपनीचं नाव, ओळखीच्या दोघांचे मोबाइल नंबर.

मी चष्मा काढून तो कागद जरा सावकाश वाचायला लागलो, तर भाचा म्हणाला, "भरून टाकू ना मामू. आपल्याकडं लपवण्यासारखं आहे काय?"

श्रोतेहो, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कशाची? वाक्य प्रामाणिक माणसाचं आहे, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. मला तिथं दारात उभ्या उभ्या ते देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

नंतर एकदा मी भाच्याला त्याच्या एका दिवसाचा हिशेब मांडायला सांगितलं. सकाळी खोलीबाहेर पडला की गल्लीच्या तोंडाशी दुकानाचा कॅमेरा. टपरीवर चहा घेतला, पैसे मोबाइलवरून दिले. म्हणजे किती वाजता आणि कुठं, याची नोंद. तळेगाव चौकात पोलिसांचा कॅमेरा. कंपनीच्या गेटवर यंत्रापुढं चेहरा धरायचा, तेव्हा हजेरी लागते. खिशातला फोन दिवसभर जवळच्या टॉवरला आपला ठावठिकाणा सांगत असतो, तो वेगळाच. संध्याकाळपर्यंत यादी इतकी लांबली की तो हसायला लागला. म्हणाला, "मामू, अम्मीला तरी एवढं कुठं माहीत असतं?"

हजेरीवरून आठवलं. आमच्या शेजारी एक निवृत्त टर्नर आहेत. सारा जन्म लेथवर गेला, बोटांच्या रेघा झिजल्या. रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही. ज्या हातांनी यंत्रं घडवली त्यांना यंत्र विचारतं, तुम्ही कोण? काका चिडत नाहीत, बोट पुसतात आणि पुन्हा ठेवतात.

पाळतीच्या राज्याची गोष्ट निघाली की जॉर्ज ऑरवेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या १९४९ च्या कादंबरीचं नाव येतंच. हा लेखक आपल्याला वाटतो तितका परका नाही. खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. तो स्वतः तरुणपणी पाच वर्षं ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. पाळत ठेवणाऱ्याच्या खुर्चीत तो बसून आला होता, हे ती कादंबरी वाचताना ध्यानात ठेवावं.

त्या कादंबरीत पक्षाच्या सभासदांच्या घरी एक पडदा असतो. तो दाखवतोही आणि बघतोही. साध्या माणसाला तो बंद करता येत नाही. या क्षणी पलीकडून कुणी बघतंय की नाही, हे कधीच कळत नाही. म्हणून माणूस सतत बघितलं जातंय असं धरून वागतो आणि हळूहळू चेहऱ्यावरची रेघसुद्धा सांभाळायला शिकतो. नायकाच्या खोलीत एक कोनाडा पडद्याच्या नजरेतून सुटलेला आहे. तिथं बसून तो डायरी लिहितो. बी.ए.ला असताना मी हे पुस्तक वाचलं, तेव्हा अंगावर आले ते शेवटचे छळाचे प्रसंग. आता पन्नाशी उलटल्यावर तो कोनाडाच जास्त आठवतो.

ऑरवेलच्या आधी रशियात येवगेनी झाम्यातिन यानं 'वुई' नावाची कादंबरी लिहिली होती. हा माणूस जहाजं बांधणारा इंजिनिअर, आणि त्याचा नायकही इंजिनिअरच. आपल्या पट्ट्यातल्या मंडळींनी ती जरूर वाचावी. तिच्यातल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. पडदे ओढायचे तर परवाना लागतो, तोही ठरावीक वेळेपुरता. १९२४ मध्ये ती आधी इंग्रजीत अमेरिकेत छापली गेली. तिच्या स्वतःच्या देशात उघडपणे निघायला १९८८ उजाडलं.

आता माझी गोष्ट सांगतो. मी कविता लिहितो. वहीत वीस ओळी असतील तर सतरा-अठरा खोडलेल्या असतात. त्यात कटकारस्थान काही नसतं. भाबडेपणा असतो, राग असतो, कुणाबद्दल तरी न बोललेली माया असते. पण ती वही कुणी रोज रात्री चाळतंय असं मला कळलं, तर मी खोडायला लागेल अशी ओळ लिहिणारच नाही. आणि मग न खोडलेल्या दोन ओळीही येणार नाहीत. लपवणं आणि राखून ठेवणं यात फरक आहे. आपण न्हाणीघराचं दार लावतो, ते आत गुन्हा करायला नव्हे.

कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकातलं. मग महाराष्ट्रातलं सांगतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं तो मुंबई इलाख्यातही आणला. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. माणसानं काय केलं याला महत्त्व उरलं नाही, तो कुणाच्या पोटी आला याची नोंद पुरे झाली. सोलापूरला अशा कुटुंबांसाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. त्या लोकांना आपण 'विमुक्त' म्हणतो, ते त्यामुळंच. पण कायदा गेला म्हणून शिक्का जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं. पोलीस केव्हाही दारात येणार हे धरूनच जगणाऱ्या घराची ती गोष्ट आहे. ऑरवेल वाचून ज्यांना नवल वाटतं, त्यांनी 'उचल्या' वाचलेलं नसतं, असं माझं मत आहे.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं गेला तो उत्तर प्रदेशातून. खडकसिंग नावाचा एक माणूस. दरोड्याच्या खटल्यात पुरावा नाही म्हणून सुटलेला, तरी पोलिसांनी त्याची फाइल उघडली आणि रात्री-अपरात्री दार ठोठावून तो घरात आहे का हे बघायला लागले. १९६२ मध्ये न्यायालयानं रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. ते पंचावन्न वर्षं अल्पमत म्हणून पडून राहिलं.

मग आलं आधार. त्याची सुरुवातही महाराष्ट्रातलीच. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिली कार्डं दिली गेली. त्याविरुद्ध कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहेच कुठं? तेव्हा नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला त्यांनी एकमतानं सांगितलं की आहे. यातलं मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटक झालेल्याला न्यायालयात दादसुद्धा मागता येणार नाही असा जो निकाल चार विरुद्ध एक मतानं लागला, त्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलानं २०१७ मध्ये वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. या घराण्याचं मूळ गाव कनेरसर, खेड तालुक्यातलं. म्हणजे ज्या तालुक्यात आपलं चाकण आहे, त्यातलंच.

हा हक्क अमर्याद नाही, हेही त्या निकालात आहे. सरकारला खासगी आयुष्यात डोकावता येतं, पण त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. एक नट सैल करायला अख्खं मशीन उघडायचं नाही, एवढं फिटरला समजतं. पुढच्या वर्षी न्यायालयानं आधारही कायम ठेवलं, मात्र बँक खात्याला आणि मोबाइलच्या सिमला ते सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलं.

आता टेलिफोन ऐकण्याबद्दल. यासाठी आपण १८८५ चा तार कायदा सव्वाशेहून अधिक वर्षं वापरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला वेसण घातली. आदेश गृहसचिवांचा हवा, मुदत एका वेळी दोन महिने, वाढवून वाढवून सहा महिने, आणि वर तपासायला एक समिती. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम यांचा सांगाडाही साधारण हाच आहे. या साखळीत न्यायाधीश कुठंही नाही. अर्ज करणारे अधिकारी, सही करणारे अधिकारी, तपासणारेही अधिकारीच. आणि ज्याचं बोलणं ऐकलं त्याला ते कधी सांगितलं जात नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. पण तो माणूस खटल्यात आरोपी होता म्हणून त्याला कळलं तरी. ज्याच्यावर खटलाच नाही, तो कुठं जाणार?

इथं मला अमजद खान भेटला.

जुलै २०२१ मध्ये काँग्रेसचे नेते नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये, ते खासदार असताना, त्यांचा फोन ऐकला गेला. आणि कागदोपत्री तो नंबर 'अमजद खान' नावाच्या, अमली पदार्थांच्या धंद्यातल्या माणसाचा म्हणून दाखवला होता. आणखी काही लोकप्रतिनिधींचे नंबरही असेच दुसऱ्यांच्या नावांवर असल्याचं बाहेर आलं. पुण्यात २०२२ मध्ये एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. आरोप सिद्ध झालेला नाही, आणि त्यातल्या राजकारणात मला पडायचं नाही. बातमी वाचली तेव्हा आधी गब्बरसिंग आठवला आणि मी हसलो. मग हसू थांबलं. असं समजा की पटोले सांगतात तसंच घडलं. तर कुणीतरी टेबलाशी बसून विचार केला असणार की नंबराखाली कुठलं नाव लिहिलं म्हणजे सही करणारा साहेब प्रश्न न विचारता सही करील. आणि त्याला जे नाव सुचलं, त्या नावाची माणसं आमच्या घरात आहेत. माझ्या आतेभावाचं नाव अमजद. वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं.

भाच्याला द्यायचं उत्तर मला इथं सापडलं. तुझ्याकडं लपवण्यासारखं काही आहे की नाही, हे तू ठरवत नाहीस, बाळा. फाइल लिहिणारा ठरवतो. ती फाइल तुला दिसत नाही, म्हणून तुला ती खोडूनही काढता येत नाही.

कॅमेऱ्यांवर मी सरसकट टीका करणार नाही. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. त्यानंतर पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी चौकाचौकांत कॅमेरे लावले, त्याला कारण होतं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या पोरींना विचारा. त्या म्हणतील, इथं कॅमेरा हवाच, आणि आधी दिवा हवा. माझा प्रश्न कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूचा आहे. चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, कुणी मागितलं तर कोणत्या कागदावर देतात? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानदार, बँका, कंपन्या यांना त्यात बंधनं आहेत. पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून वगळू शकतं. वगळलेल्यांवर लक्ष कुणी ठेवायचं, हे मला त्या कायद्यात सापडलं नाही.

खराबवाडीची ती खोली भाच्याला मिळाली. अर्ज आम्ही भरला. खरं सांगायचं तर भरताना मला थोडं बरंही वाटलं होतं. पोरगा इथं रीतसर राहतो असा एक कागद सरकारदरबारी असलेला बरा, असं आमच्यासारख्यांच्या मनात येतंच. गेल्या महिन्यात त्यानं कंपनीच्या जवळ कुरुळीला दुसरी खोली घेतली. सामान हलवताना त्यानं जुन्या मालकांना विचारलं, काका, तो फोटो लावलेला अर्ज परत मिळतो का? काका भले माणूस. त्यांनी डिपॉझिट मोजून हातावर ठेवलं आणि म्हणाले, "तो कुठला परत मिळतोय? तो राहतो तिथंच."

कुरुळीच्या मालकांनी नवा अर्ज दिला. भाच्याकडं फोटो एकच शिल्लक होता, म्हणून आम्ही आधी स्टुडिओत गेलो.