जपायचे ते खुर्चीतून उठताना

समजा, कळंबचे एक आबा दाढ काढून घ्यायला गेले आहेत. दाढ निघाली, कापसाचा बोळा दाताखाली बसला. डॉक्टर म्हणाले, "झालं आबा, उठा." उसात राबलेले आबा ताडकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. लोक म्हणाले, रक्त पाहून घाबरले! दर वेळी तसे नसते.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरते. त्याच क्षणी रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची गती वाढते आणि मेंदूला रक्त कमी पडत नाही. हे आपल्या नकळत सांभाळते ती स्वायत्त मज्जासंस्था. लाळ, घाम, पचन हेही तिच्याच ताब्यात. जुना मधुमेह या मज्जातंतूंना दुबळे करतो. कंपवातातही असे घडू शकते.

वालचंदनगरशेजारच्या या ऊसपट्ट्यात १९३०च्या दशकात साखर कारखाना आला. मधुमेह मात्र आता शहरांपुरता राहिलेला नाही. तरीही दात दाखवायला निघताना साखरेची फाईल घरीच राहते. दाताचा आणि साखरेचा काय संबंध?

संबंध आहे. लाळ आटली की दात लवकर किडतात. अशा वेळी गोड गोळ्या चघळण्यापेक्षा साध्या पाण्याचे घोट बरे. बधिर करण्याच्या इंजेक्शनात पुष्कळदा अ‍ॅड्रेनलिन असते. त्याची मात्रा ठरवताना डॉक्टरांना हा आजार ठाऊक हवा. साखर एकदम उतरली तरी घाम, धडधड या इशाऱ्याच्या खुणा अशा रुग्णाला जाणवतीलच असे नाही.

म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर नेहमीचे खाणे आणि औषधे चुकवू नयेत. औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. "उठताना चक्कर येते," हे आधीच सांगावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरला, तर शंका खरी समजावी. काम संपल्यावर खुर्ची हळूहळू सरळ करवून घ्यावी, दोन-तीन मिनिटे पाय खाली सोडून बसावे, मग आधाराने उठावे. अंधारी आलीच तर पुन्हा आडवे करून पाय उंच करावेत.

दाढेचे दुखणे चार दिवसांत विसरते. पडून खुब्याचे हाड मोडले तर म्हातारपण अंथरुणाला खिळते. तेव्हा सोबत गेलेल्या लेकाने वा सुनेने एवढेच म्हणावे, "आबा, घाई नाही. बसा थोडं."