सीडी३४ पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे

चोपड्याहून रक्ताची नळी मुंबईला जाते आणि काही दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट येतो. सीडी३४, सीडी३८, सीडी१९ अशी रांग आणि प्रत्येकापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरात नि गल्लीत त्याचे अर्थ लावून झालेले असतात. बहुतेक चुकीचे.

गैरसमज: सीडी३४ पॉझिटिव्ह, म्हणजे ब्लड कॅन्सर पक्का.

वस्तुस्थिती: सीडी३४ हे रक्त तयार करणाऱ्या मूळ आणि पूर्वज पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे, ते तुमच्याआमच्या अस्थिमज्जेतही असतं. १९८४ साली अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांच्या गटाला ते सापडलं, तेही ल्युकेमियाच्या पेशींवर काम करताना. आज निरोगी दात्याच्या रक्तातून प्रत्यारोपणासाठी पेशी गोळा करतात, तेव्हा त्या पुरेशा जमल्या का, हे सीडी३४ मोजूनच ठरतं: रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख. पेशी अजून कोवळी आहे, एवढंच हे चिन्ह सांगतं. कोवळ्या पेशी किती आणि कुठे सापडल्या, हे डॉक्टर पाहतात.

गैरसमज: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, पेशीवरच्या अशा खुणांवरूनच (अँटिजेनवरूनच) ठरतो.

वस्तुस्थिती: सीएमएलचं कारण पेशीच्या आत असतं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जनुक बनतं. निदान त्याच्या तपासणीवरून होतं. बाहेरून रोगट मूळ पेशीवरही सीडी३४ असतंच. मात्र २०१४ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी दाखवलं, की सीएमएलच्या मूळ पेशींवर सीडी२६ असतं, निरोगी मूळ पेशींवर नसतं. हे सीडी२६ म्हणजे डीपीपी-४. मधुमेहातल्या ग्लिप्टिन गोळ्या त्यालाच रोखतात. (म्हणून कुणी शेजाऱ्याची शुगरची गोळी उचलू नये, सीएमएलचा तो उपचार नाही.) सीएमएल बिघडून ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या, पेशी वाढल्या, तर त्या कोणत्या जातीच्या, हे अँटिजेनवरून कळतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाची गोष्ट उलटी: तिथे सीडी५, सीडी१९ आणि सीडी२३ एकाच पेशीवर दिसणं हाच निदानाचा कणा.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद.

वस्तुस्थिती: सीएमएलची गोळी इमॅटिनिब पेशीच्या आत शिरून बीसीआर-एबीएलचं काम थांबवतं, पण काही चिवट मूळ पेशी तरीही तग धरतात. औषध थांबवायचं की नाही, हे बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी वारंवार पाहून डॉक्टरच ठरवतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला या औषधाच्या नव्या रूपाचं पेटंट नाकारलं, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण गोळी मध्येच सोडणं महागात पडतं.

गैरसमज: मुंबईची नवी कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून केलेला उपचार, सगळ्या ल्युकेमियावर चालते.

वस्तुस्थिती: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तिचं लक्ष्य सीडी१९, जे बी पेशींवर असतं. नेहमीच्या सीएमएलसाठी ती नाही.

शेवटी नळीचं. खानदेशी उन्हाळ्यात नातेवाईक ती थेट बर्फात खोचतात. सीडीच्या या तपासणीला जिवंत पेशी लागतात. बर्फाने त्या फुटतात, उन्हाने मरतात. नमुना कसा ठेवायचा नि किती तासांत पोहोचवायचा, हे निघण्याआधीच लॅबला फोन करून विचारा.