कोंबडीच्या पायाखाली काय घालावं?

मृग जवळ आला. घराघरांत पापड-कुरडया डब्यात गेल्या, सरपण आत घेऊन झालं. आज बोलायचं आहे ते अशाच एका साठवणीबद्दल. ती आपल्या खुराड्यासाठी करायची असते आणि नेमकी तीच राहून जाते.

आपल्या गटांमधल्या किती तरी जणींकडे पाच-दहा कोंबड्या आहेत. अंड्यांचे पैसे थेट बाईच्या हातात येतात. मुलांची वही, दवाखान्याचं भाडं, गटाचा हप्ता त्यातून निघतो. पण उन्हाळ्यात घेतलेली पिल्लं पावसाळ्यात बसायला लागतात, पंख पाडतात, एक-एक करून जातात, आणि आपण म्हणतो, "रोगच आला." रोग येतो हे खरं. पण पुष्कळ वेळा त्याला बोलावणं जातं ते खुराड्यातल्या ओल्या जमिनीकडून.

कोंबडीला वेगळी लघवी नसते. तिची लघवी आणि शिट एकत्रच पडते. म्हणून ताज्या शिटेत चारातले तीन भाग पाणीच असतं. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम शिट टाकते. म्हणजे दहा कोंबड्यांची दिवसाची शिट किलोच्या वर गेली आणि तिच्यातून जवळजवळ लिटरभर पाणी खुराड्यात पडलं. उन्हाळ्यात ते वाळून जातं. पावसाळ्यात हवाच ओली, मग ते जाणार कुठे? ते जमिनीत मुरतं, जमीन चिकट होते, आणि रात्रभर कोंबड्या त्याच चिखलात बसतात.

हे पाणी शोषून घेऊन हळूहळू हवेला देणारा थर म्हणजे खुराड्यातली गादी. पोल्ट्रीवाले तिला लिटर म्हणतात. गादी चांगली असेल तर पाय कोरडे राहतात, अंडी स्वच्छ निघतात आणि पिल्लांना खालून गारवा लागत नाही. शिवाय कोंबड्या ती उकरत बसतात, त्यामुळे एकमेकींची पिसं उपटण्याचं प्रमाणही कमी होतं.

गादी ओली राहिली की तीन गोष्टी होतात. पहिली, वास. शिट ओलाव्यात कुजली की अमोनिया नावाचा वायू तयार होतो. डोळ्यांना झोंबतो तोच. त्याने कोंबडीचे डोळे चुरचुरतात, छाती धरते, आणि मग सर्दीसारखे आजार पटकन पकडतात. दुसरी, रक्ती हगवण. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. तिचे जंतू शिटेतून पडतात तेव्हा लगेच रोग देण्याच्या अवस्थेत नसतात. त्यांना ओल आणि ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत ते तयार होतात, आणि पिल्लांनी उकरता-उकरता खाल्ले की रोग होतो. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना याचा धोका सगळ्यात जास्त. गादी कोरडी ठेवली की त्या जंतूंची वाढच अडते. तिसरी, बुरशी. ओल्या भुशातली बुरशी श्वासातून पिल्लांच्या फुप्फुसात जाते, आणि तिच्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

आता प्रश्न येतो, घालायचं काय? विकत आणायला जाण्याआधी आपल्या गावात काय मिळतं ते बघा.

भाताचं तूस: कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे गिरणीवर सहज मिळतं. ते फार पाणी पीत नाही, पण लवकर वाळतं आणि त्याची पापडी चटकन धरत नाही. पावसाळ्यासाठी हा मोठा गुण. गिरणीतून आणल्यावर एकदा पाखडून बारीक धूळ काढून टाका. तूस आणि कोंडा यात गल्लत करू नका. कोंड्यात तेल आणि सत्त्व असतं, तो ओलीने खवट होतो, किडे धरतो.

लाकडाचा भुसा: इथे दोन प्रकार आहेत. सुताराच्या रंध्यातून निघतात त्या कुरळ्या ढलप्या गादीसाठी उत्तम. त्या ओल शोषतात आणि मोकळ्याही राहतात. करवतीचा बारीक भुसा मात्र जपून वापरा. तो उडतो, ओला झाला की घट्ट बसतो, आणि लहान पिल्लं तो खाद्य समजून खातात. प्लायवूडचा, रंगवलेल्या किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा नकोच. सुताराला तसं स्पष्ट विचारून घ्या.

भुईमुगाची टरफलं: फोडून घातली तर चांगली शोषतात. पण टरफलांना बुरशी फार लवकर धरते. काळी पडलेली, कुबट वासाची टरफलं फुकट मिळाली तरी आणू नका.

काड, पेंढा, पाचट: गव्हाचं काड, भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट लांबच्या लांब पसरलं तर त्याची चटई होते. वरून कोरडी दिसते आणि खाली सडत राहते. म्हणून अडकित्त्यावर किंवा कडबाकुट्टीत एक-दोन इंचाचे तुकडे करून घ्या. रसवंतीचं चिपाड वापरणार असाल तर कडकडीत वाळवा. त्यात साखरेचा अंश राहिला तर ते आंबतं आणि मुंग्या लागतात.

सोयाबीन-तुरीचं कुटार: विदर्भ-मराठवाड्यात हे भरपूर. मऊ भाग चालतो. टोकदार काड्या मात्र वेचून काढा. त्या तळपायाला टोचतात, जखम सुजते आणि कोंबडी लंगडते.

काथ्याचा भुसा: सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मैत्रिणींना हा मिळतो. पाणी खूप पितो, पण धरूनही ठेवतो. पावसाळ्यात एकटा वापरण्यापेक्षा तुसात थोडा मिसळून वापरा.

वाळू: कोरड्या भागात आणि बाहेरच्या आवारात ठीक. पण ती उन्हात तापते, थंडीत गार पडते, उचलायला जड, आणि शेवटी तिचं खतही होत नाही.

राख: चुलीची गार राख गादी म्हणून पसरू नका. ओली झाली की ती कातडीला लागते. एका कोपऱ्यात घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या तिच्यात लोळतात आणि उवा-पिसवा कमी होतात.

एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. मोठ्या पोल्ट्रीतली वापरलेली गादी, तिथली रिकामी पोती किंवा शेजारच्या खुराड्यातला भुसा घरी आणायचा नाही. भुशाबरोबर रोग येतो. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, आणि त्यात घरच्या परसातल्याही गेल्या. विष्ठा, पोती, चपला यांवरून असा रोग हिंडतो, हे तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे.

आता गादी घालायची कशी ते बघू. खुराड्याची जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच हवी. छपराची वळचण दोन-अडीच फूट पुढे काढा, म्हणजे पागोळ्या आत उडणार नाहीत. जमीन सारवली असेल तर ती पूर्ण वाळू द्या. ओल्या सारवणावर गादी घातली तर पहिल्याच दिवशी बुरशीला जागा दिली असं समजा. वाळलेल्या जमिनीवर विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी हलक्या हाताने भुरभुरवा. कळीचा चुना थेट टाकू नका, तो पाण्याने तापतो आणि भाजतो. त्यावर तीन इंच जाडीची गादी पसरा. पावसाळ्यात भर घालत ती चार ते सहा इंचांपर्यंत न्या.

हिशेब असा. मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरली, तर दहा कोंबड्यांना चार फूट बाय पाच फूट खुराडं लागतं. तीन इंचांची गादी करायला धान्याची दोन मोठी पोती भरून तूस पुरतं. मग दर तीन आठवड्यांनी इंचभर भर, त्याला पोत्यापेक्षा थोडं कमी. जून ते सप्टेंबर सहा पोती हाताशी असली की पावसाळा निघतो. गटात दहा जणींकडे कोंबड्या असतील तर साठ पोती झाली. एकेकीने एकेक पोतं आणण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच टेम्पो करा, भाडं वाटून घ्या. आणि हे आत्ताच करा. जुलैत गिरणीवरचं तूससुद्धा सर्दावलेलं मिळतं. आणलेली पोती फळीवर किंवा विटांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

पिल्लांसाठी दोन इंचांची गादी पुरते. पहिले तीन दिवस तिच्यावर वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे पिल्लं खाद्य कोणतं आणि भुसा कोणता हे शिकतात. त्यानंतर कागद काढा. गुळगुळीत कागदावर जास्त दिवस राहिली तर त्यांचे पाय फाकतात. उबेसाठी बल्ब लावत असाल तर तो साखळीने किंवा तारेने पक्का बांधा, गादीपासून दीड फूट वर. कोरड्या तुसात पडलेला बल्ब खुराडं पेटवू शकतो.

रोजचं काम फार नाही. कोंबड्या रात्री दांडीवर बसतात आणि रात्रीची सगळी शिट दांडीखाली पडते. तिथे जुनं पोतं किंवा पत्रा ठेवा आणि रोज सकाळी झाडून घ्या. निम्मी ओल तिथेच कमी झाली. पाण्याचं भांडं दोन विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे ती पाय घालून सांडत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पंजाने गादी खालवर करा. संध्याकाळी मूठभर ज्वारी गादीवर फेकली तर निम्मं काम कोंबड्याच करतील. पण गादी ओली किंवा बुरसटलेली असेल तेव्हा दाणे फेकू नका.

गादी बरी आहे की नाही, हे मुठीने कळतं. खालच्या थरातला भुसा मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. हलकेच भुगा होऊन सुटला तर बरोबर. हाताला काहीच न धरता नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. दुसरी परीक्षा नाकाची. सकाळी दार उघडल्याबरोबर खाली बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घ्या. उभ्याने कळत नाही, आणि दोन मिनिटं आत राहिलं की आपलं नाक सरावतं. वास झोंबला तर पापडी धरलेला भाग खरवडून बाहेर काढा, कोरडा भुसा घाला आणि वरची झडप उघडी ठेवा. पावसाळा म्हणून खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद करू नका. पोत्याचा पडदा खाली अडकवा आणि वरचा हातभर भाग हवेसाठी मोकळा सोडा.

बऱ्याच जणी विचारतात, "रोज पाणी टाकून धुतलं तर?" पावसाळ्यात धुतलेली जमीन दिवसभर वाळत नाही. त्यापेक्षा कोरडं झाडा आणि कोरडा भुसा घाला. झाडताना नाका-तोंडावर पदर किंवा ओढणी बांधा, नंतर हात साबणाने धुवा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हे काम त्यांच्यापासून दूर करा.

गादी बदलली की ती टाकून देऊ नका. साध्या शेणखतापेक्षा तिच्यात नत्र कितीतरी जास्त असतं. पण ताजी गादी थेट झाडाला घातली तर मुळं जळतात. शेण, पालापाचोळा आणि ही गादी थरावर थर लावून, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने कुजवा. तूस कुजायला वेळ घेतं, म्हणून शेणाचा हात सढळ ठेवा. मग परसबागेतल्या वांगी-मिरचीला घाला.

आणि एकाच वेळी जास्त कोंबड्या मेल्या, तर ती गादी खताला घ्यायची नाही, उकिरड्यावरही फेकायची नाही. हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसखीला कळवा आणि ते सांगतील तसं करा. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तरीही त्यांनाच विचारा, अंदाजाने औषध देऊ नका.

या आठवड्याच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. कोणाकडे किती कोंबड्या आहेत, किती पोती लागतील आणि गिरणीवर कोण जाणार, एवढं वहीत लिहा. पहिला पाऊस पडायच्या आत पोती घरात आलेली असू द्या.