तबरझीन

तबरझीन हा इराणी परंपरेतील एक परशू होय. मूळचे हे घोडेस्वाराचे शस्त्र पुढे सुफी दरवेशांचे चिन्ह बनले.

व्युत्पत्ती

फारसीत 'तबर' म्हणजे कुऱ्हाड व 'झीन' म्हणजे खोगीर. मराठीतील 'जीन' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. स्वार हा परशू खोगिराला अडकवीत असल्याने हे नाव पडले, असे मानले जाते.

दरवेश परंपरा

दरवेश म्हणजे घरदार सोडून भिक्षेवर निर्वाह करणारा सुफी साधक. खांद्यावर तबरझीन आणि हाती 'कश्कुल' हे भिक्षापात्र, अशी इराणी चित्रांत त्याची ओळख असते. अनेक कश्कुले सेशेल्स बेटांवरील दर्याच्या नारळाच्या अर्ध्या कवचापासून घडवीत. एकाकी प्रवासात परशू स्वसंरक्षणास उपयोगी पडे. साधनेच्या परिभाषेत मात्र तो 'नफ्स', म्हणजे स्वतःचा अहंकार, छेदण्याचे प्रतीक ठरला.

सजावट

काजार राजवटीत (१७८९–१९२५) पोलादी पात्यांवर सोन्याची तार ठोकून वेलबुट्टी, शिकारीची दृश्ये व धार्मिक वचने काढीत. यांपैकी अनेक परशू पातळ पात्याचे व बोथट धारेचे आहेत. ते युद्धासाठी नसून मिरवण्यासाठी किंवा विक्रीसाठी घडविलेले होते. त्यामुळे केवळ आकारावरून अशा वस्तूस रणशस्त्र ठरविणे योग्य नसते.

दख्खनशी संबंध

बहमनी सुलतान अहमदशहा (राज्यकाल १४२२–१४३६) याच्या निमंत्रणावरून इराणमधील सुफी शाह निमतुल्ला वली यांचे वंशज बीदरला आले. त्यांचे पुत्र खलीलुल्ला यांची चौखंडी ही कबर तेथे आहे. अठराव्या शतकात दख्खनमधील रझा अली शाह यांनी मासूम अली शाह यांना इराणला पाठविले व तेथे हा पंथ पुन्हा रुजला. मासूम अली यांचे शिष्य नूर अली शाह यांचे तबरझीन व कश्कुल घेतलेले चित्र इराणी गालिच्यांवरही विणले गेले.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे–भोर मार्गावरील खेड शिवापूर येथील कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यामुळे 'दरवेश' हा शब्द या भागात परिचित आहे. विरक्ताजवळ शस्त्र असण्याची कल्पनाही महाराष्ट्राला नवी नाही. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जपलेली कुबडी आतून गुप्ती असलेली आहे. तिचा तबरझीनशी थेट संबंध नाही. परंतु फिरत्या साधूची गरज दोन्हीकडे सारखीच दिसते.