उरलेला दाणा कोण खातो?

लेखमाला : अन्न आणि अपाय – लेखांक ६

१९७४ सालच्या ऑक्टोबरात मका काढणीला आला असताना राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पाऊस झाला. शेतातली कणसे भिजली. हा मुलूख प्रामुख्याने भिल्लांचा, आणि मका हेच तिथले रोजचे अन्न. भिजली म्हणून कणसे फेकून द्यावीत, एवढी ऐपत तिथे कुणाचीच नव्हती. ती तशीच घरात आली. काही आठवड्यांतच माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी होऊन पोटे टरारून फुगू लागली. दीडशेहून अधिक गावांत मिळून ३९७ जण आजारी पडले. त्यांतले १०६ दगावले.

काविळीची साथ म्हटली की पहिला संशय पाण्यावर जातो. इथे मात्र कुत्रीही मरत होती आणि त्यांचीही पोटे तशीच फुगलेली होती. माणसाच्या काविळीचा विषाणू कुत्र्याला लागत नाही. त्या घरांतल्या माणसांत आणि कुत्र्यांत सामाईक होती ती मक्याची भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला मका तपासला, तेव्हा किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज भारतात धान्यासाठी घालून दिलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे या मर्यादेच्या सुमारे चारशे ते हजार पट विष असलेला मका ती माणसे रोज दोन वेळा खात होती. १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा तपास प्रसिद्ध झाला आणि बांसवाड्याचे नाव जगभरच्या विषशास्त्राच्या पुस्तकांत गेले.

मागील लेखांकात भूजलातल्या आर्सेनिकची हकीकत आली होती. ते खडकातून येते. या वेळचे विष एक जिवंत बुरशी तयार करते, आणि तेही कुठल्या कारखान्याच्या मदतीशिवाय.

या विषाचा शोध लागला तो इंग्लंडमध्ये, टर्की कोंबड्यांमुळे. १९६० साली तिथे काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पटापट मेल्या. रोग कळेना म्हणून पशुवैद्यांनी त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव दिले. मग बदकांची पिल्ले मरू लागली. शोध घेत घेत माग पोहोचला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडेपर्यंत. त्या पेंडेत अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी होती आणि विषाचे नावही तिच्यावरूनच पडले. त्याच सुमारास अमेरिकेत मत्स्यपालन केंद्रांतल्या ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळत होत्या. त्या माशांच्या खाद्यात सरकीची पेंड होती. दोन खंड, दोन पेंडी आणि विष एकच.

ही पिवळसर हिरवी बुरशी उष्ण प्रदेशांतल्या मातीत कायमच असते. पिकाला पाणी नीट मिळत असले तर ती फारशी आत शिरत नाही. दाणे भरण्याच्या वेळी पाऊस ओढ देतो, जमीन तापते, झाड कोमेजते, किडी शेंगा आणि कणसे पोखरतात. तेव्हा तिला वाट मिळते. दुसरी संधी काढणीनंतरची. मका साधारण १३ टक्के आणि भुईमुगाचे दाणे ८ टक्क्यांच्या खाली ओलावा राहील इतके वाळले नाहीत, तर पोत्यात बुरशी वाढत राहते. म्हणजे वाढीच्या काळात अवर्षण आणि काढणीच्या वेळी पाऊस, हा योग सर्वांत वाईट. परतीच्या पावसाने ज्यांचे खळे भिजवले आहे, त्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

अफ्लाटॉक्सिनला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. दाणे जुने झाले की खवट लागतात, तो तेलाचा दोष. खवटपणा नसला म्हणजे विष नाही, असे मानण्याला आधार नाही. दळल्याने ते जात नाही. शिजवल्याने, भाजल्याने थोडेफार कमी होते, पण संपत नाही. सुटकेची एक बाजू मात्र आहे. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. बहुतेक दाणे निर्दोष असतात आणि थोड्याच दाण्यांत, मुख्यतः सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या, फुटक्या किंवा किडक्या दाण्यांत ते एकवटलेले असते. त्यामुळे प्रयोगशाळेत नमुना घेणाऱ्याची पंचाईत होते. एकाच गाडीतले दोन नमुने अगदी वेगळे आकडे देऊ शकतात. सुपात दाणे घेऊन निवडत बसणाऱ्या बाईचे काम मात्र त्याने सोपे होते.

बांसवाड्यासारखी तीव्र विषबाधा क्वचित घडते. जास्त नुकसान करते ती रोजची थोडी थोडी मात्रा. यकृत या विषाची विल्हेवाट लावू पाहते, तेव्हा त्याचे एक अतिशय क्रियाशील रूप तयार होते आणि ते पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटते. कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी-५३ या जनुकात त्यामुळे एका ठरावीक जागी बिघाड होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकले आहे.

त्यात ‘हेपटायटिस बी’ची भर पडली की हिशेब बेरजेचा राहत नाही. शांघायमध्ये १८ हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांच्या लघवीत फक्त अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट-चौपट दिसला, फक्त विषाणू असलेल्यांना सात पट. दोन्ही असलेल्यांना जवळजवळ साठ पट. उलट बाजूचा पुरावाही चीनमधलाच आहे. चिडाँग या भागात लोकांचे मुख्य अन्न मका होते. १९८०च्या दशकात धोरण बदलले आणि लोक मक्याकडून भाताकडे वळले. तिथल्या यकृताच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले, आणि या घसरणीचा बराच भाग हेपटायटिसची लस घेतलेली पिढी मोठी होण्याआधीचा आहे. एवढा मोठा फरक कोणत्याही औषधाने पडलेला नाही.

लहान मुलांची गोष्ट अजून पुरती उलगडलेली नाही. बेनिन आणि टोगो या पश्चिम आफ्रिकी देशांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या ४८० मुलांचे रक्त तपासले, तेव्हा ९९ टक्के मुलांत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा सापडल्या. उंची खुंटलेल्या मुलांत त्या जास्त होत्या. विषामुळे वाढ खुंटते की ज्या गरीब घरात मूल कमी जेवते त्याच घरात वाईट मका येतो, हे वेगळे करणे अवघड आहे. मात्र आईचे दूध सुटून मक्याची पेज सुरू होते त्या वयात खुणांचे प्रमाण झपाट्याने वाढते, हे त्या अभ्यासात स्पष्ट दिसले.

२००४ साली केनियाच्या पूर्वेकडच्या भागात बांसवाड्याची पुनरावृत्ती झाली. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. त्या वर्षी धान्याची टंचाई होती. शेतातला मका चोरीला जाईल या धास्तीने लोकांनी तो पुरता वाळण्याआधीच काढला आणि कोठारात ठेवायचा सोडून राहत्या घरात, ओलसर जमिनीवर रचला. बाजारातल्या मक्याचे नमुने तपासले, तर निम्म्याहून जास्त नमुने किलोमागे २० मायक्रोग्रॅमची तिथली मर्यादा ओलांडून गेलेले. सरकारने खराब मका ताब्यात घेऊन बदली धान्य वाटायला सुरुवात केली. नियम होता, मर्यादा होती, प्रयोगशाळाही होती. पण स्वतःच्या शेतातला मका स्वतःच खाणाऱ्या माणसापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. त्याचे धान्य कुठल्याही नाक्यावर तपासले जात नाही.

इथेच या विषयातली खरी अडचण सुरू होते. थेट खाण्याच्या भुईमुगासाठी युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम, अमेरिकेची २०. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने पुढील प्रक्रियेसाठीच्या भुईमुगाला १५ ठरवली आहे. २००१ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी युरोपाच्या कडक निकषांचा हिशेब मांडला. कोडेक्सच्या तुलनेत या निकषांमुळे युरोपात वर्षाला दर अब्ज लोकांमागे सुमारे १.४ मृत्यू टळतील आणि आफ्रिकेच्या नऊ देशांची सुकामेवा, धान्य वगैरेंची निर्यात ६७ कोटी डॉलरने घटेल, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा तेव्हापासून आजवर निर्यातदारांच्या बाजूने वापरला जातो. त्यावर वादही झाले.

पण त्या हिशेबात एक रकाना नव्हता. जो माल बंदरावरून परत फिरतो किंवा निवडीत बाजूला पडतो, त्याचे काय होते? मलावीसारख्या देशात निर्यातीचा दाणा निवडून उरलेले सुरकुतलेले, फुटके दाणे दळून स्थानिक बाजारात पीठ म्हणून विकले जातात. गरिबाला तेच परवडते. निकष कडक करावा की सैल, यावर परिषदा भरतात. चाळणीखाली पडलेल्या दाण्याची जबाबदारी कोणाची, यावर फारसे कुणी बोलत नाही. निर्यातीची गाडी स्वच्छ झाली, एवढ्यावरच जर तपासणी थांबत असेल, तर ती विष नाहीसे करत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलते.

उपाय महाग आहेत, ही समजूत खोटी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत वीस गावांत एक प्रयोग झाला. निम्म्या गावांतल्या शेतकऱ्यांना फार काही दिले नव्हते : खराब दाणे हाताने निवडून काढायला शिकवले, शेंगा उघड्या जमिनीऐवजी चटईवर वाळवायला सांगितले, प्लास्टिकऐवजी तागाची पोती दिली, पोती लाकडी फळ्यांवर ठेवली आणि कीटकनाशक दिले. पाच महिन्यांनी या गावांतल्या लोकांच्या रक्तातली अफ्लाटॉक्सिनची खूण शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होती. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘खाली फळी टाक, मग पोती रच’ हे आपल्याकडची जुनी माणसे सांगतच आली आहेत. त्याला रक्ततपासणीचा दुजोरा मिळाला, एवढेच.

शेतातच बुरशी रोखण्याचा उपायही आता हाताशी आहे. अस्परजिलस फ्लेवसचे सगळेच वाण विष बनवत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पीटर कॉटी यांनी बिनविषारी वाण शेतात सोडून विषारी वाणांना जागाच उरू द्यायची नाही, ही पद्धत ॲरिझोनाच्या कापसात रुजवली. नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत रणजित बंद्योपाध्याय या भारतीय शास्त्रज्ञाने त्यांच्यासह ती आफ्रिकेच्या मक्या-भुईमुगासाठी घडवली. ‘अफ्लासेफ’ या नावाने ती विकली जाते. आणि वाहक म्हणून वापरतात ती चक्क ज्वारी : उगवू नये म्हणून निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बिनविषारी बुरशीचे बीजाणू चढवायचे आणि फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो शेतात फोकायचे. विषाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ८० टक्क्यांहून जास्त कमी होते. मात्र प्रत्येक देशात तिथल्याच मातीतले वाण शोधावे लागतात, त्यामुळे हे काम सावकाश चालते.

हा प्रश्न फक्त उष्ण देशांचा आहे, असे युरोपातही आता कुणी म्हणत नाही. २०१२च्या उन्हाळ्यात बाल्कन देशांत कडक अवर्षण पडले. त्या वर्षीचा मका गाईंना घातला गेला आणि पुढे सर्बियातल्या दुधात अफ्लाटॉक्सिन सापडले. सर्बियाने तेव्हा दुधाची मर्यादाच दहा पटींनी वाढवून घेतली. विष कमी करण्यापेक्षा आकडा बदलणे कधीही सोपे.

दूध हा आपल्याही घरातला विषय आहे. गाय किंवा म्हैस बुरशी लागलेली पेंड, मका अथवा कडबा खाते, तेव्हा त्यातल्या विषाचा काही भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. दूध उकळून किंवा पाश्चरायझेशन करून तो जात नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. भेसळीची बोंब नेहमीच होत असते, पण भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने मोजकेच निघाले. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने मात्र ३६८ होते, म्हणजे ५.७ टक्के. तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ त्यात पुढे होते, आणि हा दोष सुट्या दुधापेक्षा पिशवीतल्या प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त दिसला.

महाराष्ट्रात सरकी पेंडेवर दूध धंदा उभा आहे. संकलन केंद्रावर रोज फॅट मोजले जाते, त्यावर भाव ठरतो. पेंडेचे पोते आतून कोरडे होते की नाही, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. दूध संघ स्वतः पशुखाद्य बनवतात किंवा विकत घेतात. गावोगावचे दूध तपासण्यापेक्षा कच्च्या मालाची प्रत्येक गाडी तपासणे कितीतरी स्वस्त पडेल, आणि ते करण्याची मागणी सभासदांनी वार्षिक सभेत करायला हवी.

घरी करण्यासारखे तर आजच करता येते. कुटाला किंवा चटणीला घेतलेले दाणे भाजण्याआधी निवडावेत, बुरशी दिसलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे काढून टाकावेत, आणि ओल लागलेला मका किंवा पेंड ‘जनावराला चालते’ म्हणून गोठ्यात टाकू नये. गाईने खाल्लेले हे विष २४ तासांच्या आत तिच्या दुधात उतरलेले असते.

(पुढील लेखांक : मिनामाताचा पारा)